सराटा
(लहान गोखरू, लॅ. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, कुल – झायगोफायलेसी). भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांपासून भारतापर्यंत उष्ण, कोरड्या जागी रानटी वाढणारी वर्षायू ओषधी. बुलढाणा जिल्ह्यात ती पावसाळ्यात धुऱ्यांवर, गायरानात व पायवाटांच्या कडेने जमिनीलगत पसरते. पाने संयुक्त व समोरासमोर, पण जोडीतले एक पान दुसऱ्याहून लहान असते. फुले पिवळी, एकेकटी, पाच पाकळ्यांची.

खरी ओळख फळावरूनच पटते. पिकल्यावर त्याच्या पाच टणक फोडी होतात; प्रत्येक फोडीला सहसा दोन लांब व दोन आखूड काटे असतात. फोड कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतो आणि अनवाणी पायात किंवा जनावराच्या खुरात रुतून बी दूर नेतो. मोठ्या गोखरूचे फळ चौकोनी असते, तर शंकेश्वराचे आकडेदार काट्यांचे बोंड कपड्यांना चिकटते. औषधासाठी गोळा करताना या दोन वनस्पतींशी सराट्याची गल्लत टाळलीच पाहिजे.

आयुर्वेदात सराटा दशमुळांपैकी एक असून मूत्रविकारांवर देतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो चरलेल्या मेंढ्यांना यकृतविकार होऊन उन्हाने त्यांचे तोंड सुजल्याच्या नोंदी आहेत.