जर्मनीचा धर्मनकाशा

जर्मनीचा धर्मनकाशा आधी राज्यकर्त्यांनी आखला. 1517 साली मार्टिन लूथरने विटेनबर्ग येथे पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा हा प्रदेश शेकडो लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. 1555च्या आउग्सबुर्ग तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा, हे तत्त्व मान्य केले. सॅक्सनी, ब्रँडेनबर्ग आणि उत्तरेचा बराचसा भाग लूथरच्या बंडातून उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट पंथाचा झाला. बव्हेरिया आणि ऱ्हाइनकाठची बिशपांची संस्थाने कॅथलिक राहिली. या दोन पंथांच्या संघर्षातून पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धानंतर 1648च्या वेस्टफालिया तहाने कोणता भाग कोणत्या पंथाचा हे ठरवण्यासाठी 1624 हे प्रमाणवर्ष धरले आणि या सीमा बऱ्याच अंशी पक्क्या झाल्या.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही पंथांच्या वाटा वेगळ्या झाल्या. प्रशियात राजा हाच प्रॉटेस्टंट चर्चचा प्रमुख होता. बर्लिन आणि सॅक्सनीच्या गिरणीकामगारांना हे चर्च मालकांच्या व सरकारच्या बाजूचे वाटे. त्यांच्यातले पुष्कळ जण समाजवादी चळवळीकडे वळले. उलट 1870च्या दशकात चॅन्सेलर बिस्मार्कने कॅथलिकांवर निर्बंध लादले, जेझुइट संघाच्या धर्मगुरूंना हद्दपार केले, पाद्र्यांना तुरुंगात टाकले. परिणामी कॅथलिक समाज आपले चर्च, संघटना व आपला सेंटर पक्ष यांभोवती अधिकच एकवटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व व पश्चिम जर्मनी अशा झालेल्या फाळणीने या जुन्या फरकाची दरी केली. 1950 साली पूर्व जर्मनीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक चर्चचे सभासद होते, त्यांत बहुसंख्य प्रॉटेस्टंट. कम्युनिस्ट राजवटीने 1954 मध्ये चर्चच्या दृढीकरण संस्काराला पर्याय म्हणून ‘युगेंडवाइहे’ हा चौदा वर्षांच्या मुलामुलींचा समारंभ पुढे आणला. तो नाकारणाऱ्यांची उच्च शिक्षणाची वाट अडे. पश्चिमेत मात्र 1949च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत धर्मशिक्षणाला स्थान दिले, आणि प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के इतका चर्चकर सरकारी यंत्रणेमार्फतच वसूल होत राहिला.

1989 मध्ये पूर्व जर्मनीतील लाइपझिगच्या निकोलाय चर्चमधील सोमवारच्या शांतिप्रार्थनांतून राजवटीविरुद्धचे मोर्चे निघाले. तरीही 1990च्या एकीकरणानंतर लोक चर्चकडे परतले नाहीत. घरातूनच धर्म न मिळालेली पिढी तोवर पालक झाली होती. लूथरच्या विटेनबर्ग परिसरातही आज बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत. थुरिंगियातील आइक्सफेल्ड हा याला ठळक अपवाद. पूर्वी माइन्त्सच्या आर्चबिशपच्या ताब्यात असलेला आणि चहूकडून प्रॉटेस्टंट मुलखाने वेढलेला हा भाग कम्युनिस्ट काळातही कॅथलिक राहिला.

पश्चिमेतही चर्च सोडणाऱ्यांची संख्या वाढत आहे. 2022पर्यंत दोन्ही मोठ्या चर्चांचे मिळून सभासद देशाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी झाले. पण गळती सगळीकडे सारखी नाही. जर्मनीच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते: सत्तेच्या आधारावर उभा राहिलेला धर्म तो आधार जाताच खचला, तर दडपणाखाली समाजाची ओळख बनलेला धर्म अधिक काळ टिकला.