विनाशरहित परीक्षण

विनाशरहित परीक्षण : वस्तू न कापता, न तोडता आणि तिच्या पुढील वापराला बाध न आणता तिच्यातील दोष शोधण्याच्या पद्धती. कारखान्यांत यालाच ‘एनडीटी’ म्हणतात. ताण-चाचणीत नमुना तुटेपर्यंत ओढतात आणि त्यावरून बाकीच्या मालाचा अंदाज बांधतात. येथे मात्र यंत्रात बसणारा भागच तपासला जातो, आणि वापरात असताना पुन्हा पुन्हा तपासता येतो. बॉयलर, तेलवाहिन्या, पूल, रूळ, विमानांची इंजिने यांची देखभाल या परीक्षणावरच चालते.

मडके टिचकी मारून पारखावे, तसे रेल्वेचे कामगार डब्याच्या चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कर्मशाळांत आस तेलात बुडवून पुसत आणि त्यावर खडूचा पातळ लेप देत. भेगेत मुरलेले तेल पाझरून लेपावर डाग उमटे. आजची ‘डाय पेनेट्रंट’ चाचणी तिचेच सुधारलेले रूप आहे. स्वच्छ पृष्ठभागावर लाल किंवा जंबुपार प्रकाशात चमकणारा द्रव लावतात, तो भेगेत शिरू देतात, जादा द्रव काढून पांढरी पूड फवारतात. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, काही प्रकारचे स्टेनलेस स्टील अशा अचुंबकीय धातूंनाही ती चालते, मात्र भेगेचे तोंड पृष्ठभागावर उघडे असावे लागते. ते ग्रीस किंवा रंगाने बुजले असेल, तर चाचणी फसते.

लोखंड व पोलाद यांसाठी चुंबकीय कणांची पद्धत अधिक सोयीची. भाग चुंबकित केला की भेगेपाशी बलरेषा बाहेर पडतात आणि तेथे लोहकण गोळा होतात. पृष्ठभागाच्या किंचित खालचे दोषही अशा रीतीने दिसतात. बलरेषांना समांतर असलेली भेग मात्र निसटते. म्हणून भाग दोन काटकोनी दिशांनी चुंबकित करावा लागतो. आवर्ती प्रवाहांची (एडी करंट) पद्धत विद्युतवाहक धातूंना लागू पडते. उष्णता विनिमयकांच्या नळ्या आतून तपासण्यासाठी ती विशेष वापरतात.

विल्हेल्म राँटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि धातूच्या आत पाहण्याची वाट खुली झाली. कामाच्या जागी वीज व अवजड यंत्र नेणे अवघड असल्यास गॅमा किरणांचा स्रोत वापरतात. इरिडियम-192 हा त्यांपैकी सर्वांत रूढ. त्याचे अर्धायुष्य सुमारे 74 दिवस असल्याने स्रोत वारंवार बदलावा लागतो. अधिक जाड पोलादासाठी कोबाल्ट-60 घेतात. भारतात असे स्रोत मुख्यतः नवी मुंबईतील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ (ब्रिट) पुरवते, आणि ते वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ओतकामातील पोकळ्या आणि वेल्डिंगमध्ये अडकलेला स्लॅग चित्रात ठळक दिसतात. किरणांना आडवी असलेली बारीक भेग बहुधा उमटतच नाही, आणि घातक तर तीच असते.

अशी भेग पकडण्यास श्राव्यातीत ध्वनी उपयोगी पडतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ सेर्गेई सोकोलोव्ह यांनी 1928 मध्ये ध्वनीने धातूतील दोष शोधण्याची कल्पना मांडली. 1940 च्या दशकात अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणारे उपकरण घडवले. प्रोबमधील स्फटिक स्पंद सोडतो आणि परतलेला प्रतिध्वनी टिपतो. पोलादात अनुतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो. त्यामुळे 172 मिलिमीटर उंचीच्या 60 किलो (दर मीटरला) रुळाच्या माथ्यापासून तळापर्यंत जाऊन परतायला ध्वनीला सुमारे 58 मायक्रोसेकंद लागतात. त्याहून आधी प्रतिध्वनी आला, तर मध्ये काहीतरी आहे. हवेच्या थरावरून ध्वनी जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो. भेग म्हणूनच सापडते, आणि प्रोब व धातू यांमध्ये तेल, ग्रीस किंवा पाणी म्हणूनच लागते.

भारतीय रेल्वेत रुळांवरून ढकलत नेण्याच्या परीक्षकगाडीत अनेक प्रोब बसवलेले असतात. सरळ (0 अंशाचा) प्रोब आडव्या पसरलेल्या भेगा आणि रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या (फिशप्लेट) बोल्टच्या छिद्रांभोवतीचे तडे दाखवतो. 70 अंशांचा प्रोब रुळाच्या माथ्यातील उभे छेदत जाणारे तडे शोधतो. रुळाच्या पायाचे दोन्ही पाखे मात्र वरून दिसत नाहीत, त्यामुळे तेथील वेल्डची हाती प्रोबने वेगळी तपासणी करावी लागते. दोषाच्या गांभीर्यानुसार ‘आयएमआर’ (तत्काळ बदला) किंवा ‘ओबीएस’ (नजर ठेवा) असा शेरा पडतो.

परीक्षणाचा सर्वांत दुबळा दुवा बहुधा यंत्र नसून माणूस असतो. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-10 विमान कोसळले आणि शंभराहून अधिक प्रवासी दगावले. इंजिनाच्या टायटॅनियम पंख्याची तबकडी फुटली होती. आधीच्या देखभालीत तिची पेनेट्रंट चाचणी झाली होती आणि चौकशीच्या निष्कर्षानुसार त्या वेळी सुमारे 12 मिलिमीटर लांबीची भेग तीत असावी. तरी ती निसटली. म्हणून परीक्षकाची पात्रताही मानकांनी ठरवली आहे. आयएसओ 9712 या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तराचा परीक्षक लेखी सूचनेनुसार व देखरेखीखाली चाचणी करतो, दुसऱ्याचा निष्कर्षही काढतो, तिसऱ्याचा कार्यपद्धती ठरवतो व मंजूर करतो. त्यांना जवळच्या दृष्टीची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते.