बूर्बाँ गुलाब : नाव राजघराण्याचे, जन्म कुंपणातला

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी फुलत. ठळक अपवाद शरद ऋतूत पुन्हा थोडासा बहरणाऱ्या दमास्क गुलाबाचा. त्याचा सुगंध गाढ होता. चीनमधील बागांतून १७९० च्या दशकात युरोपात आलेले गुलाब मात्र महिनोन्‌महिने फुलत. त्यांचा गंध तेवढा मंद होता.

या दोहोंचा हा विख्यात मिलाफ कोणा राजाच्या उद्यानात घडला नाही. मादागास्करच्या पूर्वेकडील एका फ्रेंच बेटावर शेतांना या दोन्ही गुलाबांचे कुंपण करण्याची रीत होती. संकर कीटकांनी घडवला. कुंपणातल्या रोपांत पेरिशाँ नावाच्या रहिवाशाला एक निराळे, सुवासिक आणि पुनःपुन्हा फुलणारे झुडूप आढळले. तेथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख ब्रेआँ यांनी १८१९ च्या सुमारास त्याचे बी पॅरिसजवळच्या नॉयी येथे, ऑर्लेआँच्या ड्यूकचे माळी झाक यांच्याकडे धाडले.

आता त्या बेटाचे नाव पाहा. राजवटीत बूर्बाँ, क्रांतीनंतर १७९३ मध्ये रेयुनियाँ, १८०६ मध्ये बोनापार्त, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकल्यावर पुन्हा बूर्बाँ, आणि १८४८ पासून कायमचे रेयुनियाँ. बी दहा वर्षे आधी निघाले असते, तर आज आपण कदाचित ‘बोनापार्त गुलाब’ म्हणत असतो! गंमत अशी, की या वर्गातला एक अतिशय प्रसिद्ध गुलाब, लियाँच्या बेलूझ यांनी १८४३ मध्ये आणलेला ‘सूव्हनीर द ला माल्मेझाँ’, नेपोलियनची पत्नी जोझेफिन हिच्या उद्यानाची आठवण सांगतो. बूर्बाँच्या वंशात बोनापार्तांचे स्मारक!

पेरिशाँ, ब्रेआँ, झाक ही नावे नोंदींत उरली. परंतु या बेटावर १८४८ पर्यंत गुलामगिरी होती; ती कुंपणे लावणारे आणि छाटणारे हात बहुधा गुलामांचेच असणार. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्याच बेटावर १८४१ साली एडमंड या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली, जी आजही वापरात आहे. ‘अल्बियस’ हे आडनाव त्याला गुलामी संपल्यावरच मिळाले.

या गुलाबाचा एक आप्त आपल्याकडेही नांदतो. भारतात ‘एडवर्ड गुलाब’ म्हणून तो लावला जातो. त्याची फुले गुलाबपाण्यासाठी जातात आणि त्याच्या खुंटावर इतर गुलाबांचे डोळे भरतात.