पॉवरलाइन अडॅप्टर

घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारे उपकरण. ते जोडीने वापरतात. एक अडॅप्टर राउटरशेजारच्या सॉकेटात बसवून राउटरला छोट्या नेटवर्क केबलने जोडायचा, दुसरा जिथे नेट हवे त्या खोलीतल्या सॉकेटात लावायचा आणि त्याला संगणक, टीव्ही किंवा वायफायचा आणखी एक पॉइंट जोडायचा. भिंत फोडावी लागत नाही, केसिंग-पट्टी ठोकावी लागत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना याचे आकर्षण वाटते ते यामुळेच. जाड भिंतींच्या घरांनाही त्याचा उपयोग होतो. कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंतींपुढे वायफायचे फारसे चालत नाही, आणि शहरातल्या आरसीसी इमारतीत दोन मजल्यांमधला स्लॅब, त्यातल्या लोखंडी सळ्यांसह, ५ गिगाहर्ट्झचे तरंग बरेचसे अडवतो.

विजेच्या तारेवरून संदेश धाडण्याची कल्पना इंटरनेटहून कितीतरी जुनी आहे. वीज कंपन्या १९२० च्या दशकापासून उच्चदाब वाहिन्यांवर वाहक तरंग सोडून उपकेंद्रा-उपकेंद्रांत बोलणी करत आल्या. महाराष्ट्रात महापारेषणच्या जाळ्यातही ही पद्धत वापरली गेली आहे. उपकेंद्रात शिरणाऱ्या वाहिनीवर टांगलेले मोठे दंडगोलाकार वेटोळे रस्त्यावरूनही दिसते, त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ५० हर्ट्झची वीज त्यातून विनासायास आत जाते; संदेशाची वारंवारता मात्र काही दहा ते काहीशे किलोहर्ट्झ असते, म्हणून तो तिथे अडतो आणि शेजारच्या यंत्राकडे वळवला जातो. घरगुती अडॅप्टर याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की घराच्या मीटरपाशी असा ट्रॅप कोणी बसवलेला नसतो.

घराघरांत इंटरनेटच विजेच्या तारेने पोचवण्याचा प्रयत्न आधी झाला. इंग्लंडमधल्या मँचेस्टर भागात नॉरवेब ही वीज कंपनी आणि नॉर्टेल ही दूरसंचार उपकरणांची कंपनी यांनी १९९७ मध्ये त्याचा मोठा गाजावाजा केला, आणि १९९९ मध्ये ते काम सोडून दिले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मनासस शहराने अशी सेवा चालवली. २०१० मध्ये तिथल्या नगर परिषदेने ती बंद करण्याचा निर्णय घेतला. रस्त्यावरच्या तारांवर जे जमले नाही ते घराच्या चार भिंतींत जमले. होमप्लग पॉवरलाइन अलायन्स हा उत्पादकांचा संघ २००० साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे पहिले मानक आले. त्याचा कमाल वेग होता सेकंदाला १४ मेगाबिट. २००५ च्या होमप्लग एव्हीने तो २०० वर नेला. २०१० मध्ये आयईईई १९०१ हे मानक मान्य झाले, आणि एव्ही२ ची आखणी २०१२ ची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे जी.एचएन हे याच कामासाठीचे दुसरे मानक. दोन्ही घराण्यांची उपकरणे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून जोडी नेहमी एकाच मानकाची घ्यावी लागते.

अडॅप्टर वायरवर जे तरंग सोडतो ते विजेच्या ५० हर्ट्झपासून फार दूरचे असतात. होमप्लग एव्ही सुमारे २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो, एव्ही२ त्याहून वर, ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. हा पट्टा एकसंध वापरला जात नाही. त्याचे हजाराहून अधिक बारीक उपवाहक पाडलेले असतात, आणि प्रत्येकावर किती माहिती लादायची हे दोन अडॅप्टर वायरची परीक्षा घेऊन आपापसांत ठरवतात. जो उपवाहक स्वच्छ ऐकू येतो त्यावर एका वेळी १० बिट, जो गोंगाटात बुडाला आहे त्यावर एखादाच, किंवा काहीच नाही. ही वाटणी सारखी बदलत राहते.

गोंगाट येतो कुठून, हे समजले की या उपकरणाचे बहुतेक रुसवेफुगवे समजतात. विजेची वायर माहितीसाठी बनलेलीच नाही. तिला पीळ नसतो, वर आवरण नसते, जागोजागी फाटे फुटलेले असतात, आणि टोकाला काही न लावलेल्या प्रत्येक सॉकेटातून तरंग परतून येतो. त्यात मोबाइलचे स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सरची ब्रशवाली मोटर यांचा खडखडाट मिसळतो. रेग्युलेटर किंवा डिमर तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, वायरवर झटका सोडतो. होमप्लग एव्हीच्या रचनाकारांनी हे हेरून उत्तर शोधले ते फार देखणे आहे: अडॅप्टर आपले वेळापत्रक विजेच्याच तालाला बांधतात. ५० हर्ट्झच्या देशात दर ४० मिलिसेकंदांनी, म्हणजे बरोबर दोन आवर्तनांनी, नवे वेळापत्रक जाहीर होते, आणि आवर्तनाच्या शांत भागात जास्त, झटक्याच्या भागात कमी माहिती पाठवली जाते. ज्या वायरमुळे अडचण, तिच्याच तालावर मार्ग काढणारी ही योजना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे.

स्पाइक गार्ड लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर अडॅप्टर बसवणे ही सगळ्यांत नेहमीची चूक. नको ते उच्च वारंवारतेचे तरंग शोषणे हेच स्पाइक गार्डचे काम, आणि अडॅप्टरचा संदेश त्याला तसाच तरंग वाटतो. अडॅप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटात हवा. काही अडॅप्टरांना अंगावरच फिल्टर लावलेले सॉकेट असते. तसे असेल तर बाकीची उपकरणे त्यात लावता येतात.

खोक्यावरचा आकडा हा मोठा वादाचा विषय, आणि तेवढा वेग मिळत नाही ही ग्राहकाची तक्रार पूर्णपणे खरी आहे. ६००, १२००, २००० मेगाबिट हे आकडे प्रयोगशाळेतल्या आदर्श वायरवरचा, दोन्ही दिशांचा मिळून, नियंत्रणाच्या खर्चासह मोजलेला कच्चा वेग सांगतात. एका क्षणी एकच अडॅप्टर बोलू शकतो, त्यामुळे वेग वाटला जातो. ‘६००’ छापलेल्या काही अडॅप्टरांचे नेटवर्क सॉकेट तर १०० मेगाबिटचेच असते. त्यातून त्याहून जास्त बाहेर येणेच शक्य नाही. प्रत्यक्षात घरात छापील आकड्याचा लहानसा हिस्साच हाती लागतो. तरीही वायफायच्या दुबळ्या कोपऱ्यात धडपडणाऱ्या टीव्हीसाठी किंवा ऑफिसच्या व्हिडिओ कॉलसाठी तो पुरेसा ठरू शकतो.

वेग ठरतो तो वायरिंगच्या नकाशावर, आणि नकाशा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये मजल्यावरची सॉकेटे एका वर्तुळाकार सर्किटवर असतात, तिथे हे उपकरण चांगलेच रुळले. बीटी या दूरसंचार कंपनीने आपल्या टीव्ही सेवेबरोबर राउटर आणि टीव्हीचा डबा जोडायला असे अडॅप्टर ग्राहकांना दिले. मग हौशी रेडिओवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, कारण घराचे वायरिंग लघुलहरींवर एरियलसारखे वागते. अखेर २०१३ च्या युरोपीय मानकाने हौशी रेडिओचे पट्टे वगळणे आणि रेडिओ प्रसारण ऐकू येत असेल तिथे अडॅप्टरच्या संदेशाची ताकद कमी करणे बंधनकारक केले. अमेरिकेत १२० व्होल्टचे दोन वेगळे पाय घरात येतात. एका पायावरचा संदेश दुसऱ्यावर क्षीण होऊन पोचतो. तिथले ठिणगीरोधक ब्रेकरही संदेश दाबतात.

आपल्याकडे अडचणी वेगळ्या. बंगल्याला थ्री-फेज जोडणी असेल आणि हॉल एका फेजवर, वरची बेडरूम दुसऱ्या फेजवर असेल तर जोडणी अशक्त होते, कधी लागतच नाही. बऱ्याच घरांत राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. दुसरा अडॅप्टर साध्या लाइनवर असला तर संदेशाला इन्व्हर्टर ओलांडून जावे लागते. शिवाय वीज गेली की राउटर चालू, पण पलीकडचा अडॅप्टर बंद. अर्थिंगचाही प्रश्न आहे. एव्ही२ मधले बरेच अडॅप्टर फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची वायरही संदेशासाठी वापरतात. जुन्या घरात तिसरे भोक नुसते नावाला असते, आणि बाहेरून मागवलेला अडॅप्टर दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावला तर ती वायर हातची जाते. अडॅप्टर चालतो, पण जुन्या पद्धतीने आणि कमी वेगाने.

मीटरपाशी ट्रॅप नाही याचा अर्थ सोसायटीत विशेष जाणवतो. खालच्या मीटर रूममध्ये सगळ्यांच्या वायरी शेजारी-शेजारी असतात आणि संदेश थोडाफार झिरपून शेजाऱ्याच्या फ्लॅटमध्ये जाऊ शकतो. होमप्लग एव्हीमध्ये १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने माहिती कुलूपबंद होते. पण कारखान्यातून निघताना बऱ्याच अडॅप्टरांना एकच सामाईक किल्ली दिलेली असते, म्हणूनच ते खोक्यातून काढताच एकमेकांना ओळखतात. ती बदलण्यासाठी अडॅप्टरवर जोडीचे बटण असते: एकावर दाबायचे, सुमारे दोन मिनिटांत दुसऱ्यावर दाबायचे, नवी खाजगी किल्ली तयार होते. हे दोन मिनिटांचे काम सोसायटीत राहणाऱ्या कोणीही टाळू नये.

विकत घेण्यापूर्वी परत करण्याची सोय आहे का ते पाहावे, कारण एखाद्या घरात अडॅप्टर चालेल की नाही हे तिथल्या सॉकेटात लावल्याशिवाय कळत नाही. आणि घराचे वायरिंग नव्याने होतच असेल तर वायरमनला सांगून विजेच्या पाइपापासून वेगळ्या पाइपातून प्रत्येक खोलीपर्यंत कॅट-६ केबल टाकून घ्यावी. मग अडॅप्टरची गरजच उरत नाही.