केनेडींचं वाक्य आणि मेरेडिथचा अर्ज

दरवर्षी 26 जानेवारीला आमच्या हिंगोलीत झेंडावंदनाच्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : देशाने तुम्हाला काय दिलं हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करणार ते विचारा. वक्ते ते कधी विवेकानंदांच्या नावावर खपवतात, कधी नेताजींच्या. वाक्य आहे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचं, 20 जानेवारी 1961 च्या शपथविधीच्या भाषणातलं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा आरक्षण आणि शिष्यवृत्ती मागणाऱ्या पोरांकडे बघून म्हटलं जातं. म्हणून मित्रांनो, या वाक्याचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

केनेडी तेव्हा 43 वर्षांचे. भाषण पंधरा मिनिटांच्या आतलं, आणि जवळजवळ सगळं शीतयुद्धावर. देशातल्या कृष्णवर्णीयांचा त्यात थेट उल्लेखच नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, बसस्टँडवरची बसायची जागा वेगळी होती, मतदार यादीत नाव लावायला गेलं तर जीवावर बेतत होतं. मानवी हक्कांच्या वाक्यात 'आपल्या देशातही' एवढी भर पडली, तीही सहकाऱ्यांनी आग्रह धरल्यावर अगदी शेवटी. त्याच समारंभात राष्ट्रगीत गायलं मारियन अँडरसन यांनी. 1939 मध्ये याच वॉशिंग्टन शहरात कातडीच्या रंगामुळे त्यांना एक सभागृह नाकारलं गेलं होतं.

आता खरी गोष्ट. मिसिसिपी राज्यातल्या जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने हवाई दलात नऊ वर्षं नोकरी केली होती. म्हणजे 'देशासाठी काय केलं' या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशीच्या, 21 जानेवारी 1961 च्या तारखेचं पत्र त्याने मिसिसिपी विद्यापीठाला पाठवलं आणि प्रवेश अर्ज मागवला. ते विद्यापीठ फक्त गोऱ्यांचं. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच दिला होता. कागदावर हक्क होता, तो बजावायला कुणीतरी जायचं होतं. अर्ज फेटाळला गेला, कोर्टकचेरी झाली, राज्यपाल स्वतः दारात आडवे आले. 30 सप्टेंबर 1962 च्या रात्री दंगल उसळली, दोन माणसं मेली, केनेडींना सैन्य उतरवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मेरेडिथचं नाव पटावर चढलं. 18 ऑगस्ट 1963 ला तो पदवी घेऊन बाहेर पडला.

आमच्या मते त्या भाषणाला कुणी दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच. आपण देशासाठी काय करू शकतो? देशाने स्वतःच लिहिलेला कायदा त्याला पाळायला लावू शकतो.

आपल्याला यात नवीन काही वाटायचं कारण नाही. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. तरी चार वर्षं कुणी ओंजळ भरली नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ते सरकारचाच ठराव अमलात आणायला. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनीही जबाबदारीची भाषा केली. स्वातंत्र्य मिळाल्यावर वाईट घडलं तर इंग्रजांना दोष देता येणार नाही, असं बजावलं. पण त्याच भाषणात त्यांनी सामाजिक-आर्थिक विषमता लवकर संपवण्याची अटही घातली. ही अट झेंडावंदनाच्या भाषणांतून नेमकी गळते.

मूलभूत कर्तव्यं मूळ संविधानात नव्हती. ती 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये, आणीबाणीत आली, म्हणजे हक्क गुंडाळून ठेवलेल्या काळात. याचा अर्थ मूळ संविधानात कर्तव्य नव्हतंच असं नाही. कलम 15(2) वाचा : दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही. पुढे कलम 17. ही बंधनं सरकारपुरती नाहीत, शेजारच्या माणसावरही आहेत. फक्त ती सोसणाऱ्यावर नाहीत, अडवणाऱ्यावर आहेत. म्हणून भाषणात येत नसावीत.

आणि विद्यापीठाच्या दारातली दंगल बघायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. तोही कायदेशीर ठरावच होता. मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आणि इथल्या म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री अजून आठवतात. मेरेडिथला पटावर यायला वीस महिने लागले. आपल्या विद्यापीठाच्या कमानीवर नाव यायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. साडेपंधरा वर्षं लाँगमार्च, तुरुंग आणि लाठ्या ज्यांनी सोसल्या, त्यांना देशासाठी काय केलं असं कुठल्याही झेंडावंदनाला कुणी विचारू नये. विचारलंच, तर तिथेच उभं राहून ही तारीख सांगावी.