मोडशी, पटकी, कॉलरा, गॅस्ट्रो : एका दुखण्याची चार नावं

पावसाळा आला की बातमी ठरलेली : अमुक गावात गॅस्ट्रोची साथ. केसपेपरवर डॉक्टर लिहितात 'एजीई', म्हणजे अ‍ॅक्यूट गॅस्ट्रोएंटरायटिस. अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक आलेला, गॅस्ट्रो म्हणजे जठर, एंटर म्हणजे आतडी, आयटिस म्हणजे दाह. दुखणं कुठे आहे ते कळलं. कशामुळे झालं, ते नावात नाही. विषाणू असेल, जिवाणू असेल, कधी कॉलराही असेल.

या कॉलराच्या नावांचा इतिहास बघण्यासारखा आहे.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात या रोगाचं वर्णन आहे, आणि इथल्या नावासकट! ते नाव म्हणजे आपली 'मोडशी'. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशिम' केलं, आणि फ्रेंचांनी तर 'मॉर्त द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! आज आजी 'मोडशी झाली' म्हणते तेव्हा तिला साधं अपचन म्हणायचं असतं.

१८१७ मध्ये बंगालातून मोठी साथ उठली. पेशवाई बुडाली त्याच १८१८ साली ती मुंबईत पोचली. लोकांच्या तोंडी 'पटकी' आणि 'जरीमरी' हे शब्द होते, आणि साथ म्हणजे मरीआईचा कोप. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. हसू नका. रोग पाण्यातून येतो हे तेव्हा साहेबाच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते घाणेरड्या हवेला दोष देत होते.

१८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी रोगी आणि मृत्यू कुठे कुठे आहेत ते तपासलं आणि बोट ठेवलं एका सार्वजनिक पंपावर. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात जंतू ओळखला. म्हणजे देवीवरून नजर हटली आणि पाण्यावर आली.

उपचाराचा मोठा टप्पा १९७१ चा. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात घालून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. ग्लुकोजसोबत आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागे पाणी जातं, एवढंच त्याचं शास्त्र. त्याचं इंग्रजी नाव ओआरएस. मराठीत मात्र फार सुंदर शब्द झाला : जलसंजीवनी. काय द्यायचं आणि कशासाठी, दोन्ही एका शब्दात!

डॉक्टर 'डिहायड्रेशन' म्हणाले, तर समजा अंगातलं पाणी आणि क्षार कमी झालेत. लघवी कमी होणं, तोंड कोरडं पडणं, डोळे खोल जाणं, गळून जाणं ही त्याची लक्षणं. जलसंजीवनी लगेच सुरू करा. रुग्णाला पिता येत नसेल, तो गुंगीत जात असेल, तर तडक दवाखाना गाठा.

आणि एक. 'गॅस्ट्रो' ऐकून आपण म्हणतो, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. एका घरात झालं तर असेलही. पण एकाच आळीतली दहा घरं आजारी पडली, तर आधी नळाच्या पाण्याकडे बघा. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन विचारा : पाण्याचा नमुना तपासला का? क्लोरीन किती निघालं? पाइप गटारातून जातोय का?

मरीआईचा गाडा पुढच्या गावाला ढकलता यायचा. फुटलेला पाइप ढकलता येत नाही, तो दुरुस्तच करावा लागतो.