चार्जरवरची एक ओळ

लॅपटॉपचा चार्जर उलटा करून बघा. मुंगीएवढ्या अक्षरात बऱ्याच काय काय सूचना छापलेल्या असतात, पण त्यात एक ओळ हमखास सापडते: "इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ". ऑनसाईटला निघालेला आमच्या फील्डमधला प्रत्येक जण व्हिसा, मेतकूट आणि गोडा मसाला अशी सगळी तयारी झाली की शेवटी एक प्रश्न विचारतोच, "अरे, आपला चार्जर तिकडे चालेल ना?" उत्तर अर्धं 'हो' आणि अर्धं 'नाही' असं आहे. वीज चालेल, पिन बसणार नाही.

आता अर्धी गोष्ट सुटली आणि अर्धी अडकून राहिली, असं का? याचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. क्रॉफर्ड मार्केटपासून परळपर्यंत एक चक्कर मारली तरी पुरते.

मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये (म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई). ईस्टर्न इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनीने ते काम घेतलं आणि थोड्याच काळात कंपनीचं दिवाळं वाजलं. गंमत म्हणजे विजेच्या सामानाचा मुंबईतला मोठा घाऊक बाजार, आपली लोहार चाळ, याच मंडईपासून चार पावलांवर आहे. परदेशी जायचा अडॅप्टर घ्यायला आपण जिथे जातो, तिथेच शेजारी या शहराची पहिली वीज येऊन विझली होती!

त्याच १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. त्याचा पुरवठा साधारण ११० व्होल्टचा, तोही डीसी. हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. तेव्हाच्या बल्बमधला कार्बनचा तंतू साधारण तेवढ्यावर नीट टिकायचा. पुढे बल्ब सुधारले आणि २२० व्होल्टही सोसू लागले. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, आणि वाया जाणारी वीज तेवढीच ठेवली तर तांबं पाव पुरतं. तांबं तेव्हाही महागच होतं. १८९९ मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीने हिशोब केला, गिऱ्हाईकांचे दिवे आणि मोटारी स्वतःच्या खर्चाने बदलून दिल्या आणि २२० वर उडी मारली. हळूहळू युरोपही तिकडे गेला. अमेरिकेत मात्र तोवर ११० चे इतके दिवे लागून गेले होते की बदलणार कोण? जो पहिला येतो तोच जुन्यात अडकतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण त्याला 'लेगसी सिस्टीम' म्हणतो आणि वीकेंडला बसून शिव्या घालतो.

आपल्याकडे ब्रिटिश अंमल, त्यामुळे ब्रिटिश पद्धत आली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपली 'बेस्ट', स्थापन झाली. त्याच वर्षी वाडी बंदरला तिचं वीजकेंद्र सुरू झालं. ७ मे १९०७ ला पहिली विजेची ट्राम धावली. त्याआधी, १८७४ पासून, ट्राम घोडे ओढायचे.

पण मुंबईला विजेची खरी भूक होती ती गिरण्यांची. वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर अख्खी गिरणी चालायची. इंजिनापासून दोरखंड, छताला लांबच लांब फिरता दांडा, त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा. माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या काळात मोटारी आलेल्या होत्या, पण छताला जुन्या दांड्याचे कंस तसेच होते म्हणे. टाटांनी १९१० मध्ये जलविद्युत कंपनी काढली, लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधले, घाटावरचं पाणी खोपोलीला खाली सोडलं आणि १९१५ पासून सुमारे ७० किलोमीटर लांबून तारांवरून वीज मुंबईला आणली. एवढ्या लांब वीज आणायची तर व्होल्टेज प्रचंड वाढवून आणावं लागतं आणि वापरायच्या जागी उतरवावं लागतं. हे ट्रान्सफॉर्मरने करता येतं, आणि ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो. एडिसनचा डीसी इथेच हरला.

इथे थोडं थांबायला हवं. विजेच्या इतिहासात व्होल्ट, अँपियर सगळे मोजतात, पण तलावाखाली काय गेलं ते मोजायचं राहून जातं. पुढचं मोठं धरण मुळशीला ठरलं. पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती, मावळातली भाताची उत्तम जमीन. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. सत्याग्रह तीन वर्षं चालला, माणसं तुरुंगात गेली, आणि शेवटी धरण झालंच. मुळशीच्या पाण्यावरचं भिरा वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. बापट त्या लढ्याने 'सेनापती' झाले. आणि आता नकाशा उघडून बघा. लोअर परळहून दादर, माहीमकडे जाणारा, एके काळी गिरण्यांच्या भिंतींना लागून जाणारा रस्ता कोणता? सेनापती बापट मार्ग. ज्या विजेविरुद्ध माणूस लढला, त्याच विजेवर चाललेल्या गिरण्यांच्या दारातून त्याच्या नावाचा रस्ता जातो. नाव देणाऱ्यांच्या हे मनात होतं की नाही कोण जाणे, पण या रस्त्याने जाताना मला ते दरवेळी आठवतं.

असो. गाडी परत व्होल्टेजवर आणू. गाडी म्हणजे खरोखरचीच गाडी. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हा ही आधुनिक पद्धत होती. पुढे १९५७ च्या सुमारास भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट एसी ठरवलं. कारण साधं गणित. समजा गाडीला ३००० किलोवॉट लागतात. १५०० व्होल्टवर करंट होतो २००० अँपियर. २५,००० वर फक्त १२०. तारा बारीक, सबस्टेशनं दूरदूर, खर्च कमी. पण मुंबई पहिली आली होती ना! सगळा देश एसीवर जाऊ लागला आणि सगळ्यात आधी वीज घेतलेली मुंबई डीसीचं बेट होऊन बसली.

मग काय केलं? दोन्ही पचवणाऱ्या गाड्या बनवल्या. सत्तरच्या दशकात एसी-डीसी इंजिनं आली. पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे गाडी चालता चालता एका वीजेतून दुसऱ्या वीजेत जायची. लोकलमध्येही एसी-डीसी रेक आले. आणि मागून सावकाश तारा बदलत गेल्या. २५,००० व्होल्टला तार आणि पूल यांच्यात जास्त अंतर लागतं, आणि जुन्या शहरातले पूल बुटके. काही ठिकाणी तर पूल उचलता येत नाही म्हणून रूळच खाली घेतले. चर्चगेटची बाजू २०१२ मध्ये पूर्ण एसी झाली, सीएसएमटीची मुख्य लाईन २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये. १९२५ चा निर्णय पुसायला ९१ वर्षं लागली, आणि या सगळ्या काळात आपण ८.१७ ची लोकल चुकली म्हणून बोंबलत होतो.

आता पुन्हा चार्जर हातात घ्या. तो म्हणजे खिशातला एसी-डीसी रेकच आहे. आत आलेली एसी वीज तो आधी डीसी करतो, मग त्या डीसीचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे पाडतो आणि त्या तुकड्यांवर छोटासा ट्रान्सफॉर्मर चालवतो. तुकडे किती रुंद पाडायचे हे बाहेर किती वीज हवी ते बघून तो स्वतः ठरवतो. म्हणून जपानचे १०० व्होल्ट असोत की आपले २३०, त्याला फरक पडत नाही. पण आईच्या मिक्सरला हे येत नाही. अमेरिकेतला ११० चा मिक्सर इथल्या सॉकेटला लावला तर धूर काढेल, आणि ११० वरची पाणी तापवायची कॉईल २३० वर चौपटीहून जास्त तापेल. ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. लेबलवर १००-२४० लिहिलं नसेल तर ती वस्तू घरीच ठेवा.

राहिली पिन. आपल्या भिंतीवरचे तीन गोल भोकांचे सॉकेट, छोटं आणि मोठं, मूळचे ब्रिटिश, १९३४ च्या तिकडच्या मानकातले ५ आणि १५ अँपियरचे. भोकांचे आकार वेगळे अशासाठी की इस्त्री चुकून दिव्याच्या बारीक वायरवर लागू नये. महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, म्हणून ब्रिटिशांनी घरातलं वायरिंगच बदललं आणि १९४७ मध्ये चौकोनी पिनचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग काढला. त्याच वर्षी ते इथून गेले. जुना प्लग आपल्याकडे राहिला, आता ६ आणि १६ अँपियर या नावाने. १९८६ मध्ये सगळ्या जगासाठी एकच प्लग असं आंतरराष्ट्रीय मानकही निघालं. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका सोडले तर फारसं कोणी ऐकलं नाही. भिंती कोण फोडणार?

पण मंडळी, खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती परदेशात नाही, आपल्याच घरात आहे. तिसरी जाड पिन, अर्थिंगची. तिचं काम एरवी काहीच नसतं. यंत्राच्या पत्र्याला चुकून वीज लागली तरच ती वीज जमिनीत नेऊन फ्यूज उडवायचा, एवढंच. आमच्या लालबागच्या चाळीत जुन्या वायरमनने ही अर्थिंगची तार मोरीतल्या लोखंडी नळाला बांधली होती. तेव्हा तसं सर्रास करायचे, आणि नळ जमिनीत जात असल्यामुळे ते चालायचंही. मग चाळीचे गंजलेले नळ काढून प्लॅस्टिकचे पाईप टाकले. पाणी छान यायला लागलं, सगळे खूश. अर्थिंग मात्र त्या दिवशी संपलं आणि कोणाला कळलंही नाही, कारण दिवे लागत होते, पंखे फिरत होते, टीव्ही चालत होता. कळलं ते काही महिन्यांनी, शेजारच्या काकूंना ओल्या हाताने मोरीतली तोटी फिरवताना झटका बसला तेव्हा. एका खोलीतला गीझर बिघडला होता आणि एकमेकांना तारेने जोडलेल्या सगळ्या तोट्यांवर वीज उतरली होती. काकू बचावल्या. मजल्यावर मग वर्गणी काढून नवं अर्थिंग आणि प्रत्येक खोलीत ३० मिलीअँपियरचा ट्रिपर बसवला. गळती झाली की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो.

धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या येतात ना, तेही बहुतेक वेळा अर्थिंग नसल्याचं लक्षण. चार्जरमधून होणारी अगदी थोडी गळती जमिनीत जायला वाट नसते, म्हणून ती तुमच्यातून जाते. तेवढ्याने काही होत नाही, पण घरातलं अर्थिंग तपासून घ्या हा निरोप त्यात आहे. परदेशी जाताना अडॅप्टर घ्याल तोही तीन पिनचा घ्या, दोन पिनचा स्वस्त मिळतो म्हणून नको.

युरोपने डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं आहे. म्हणजे चार्जरचं यंत्राकडचं टोक एक होत चाललंय. भिंतीकडचं टोक आपल्या हयातीत एक होईल असं वाटत नाही. लोकलसारखं ९१ वर्षांत झालं तरी पुष्कळ. तोवर लोहार चाळ जिंदाबाद! येत्या रविवारी वेळ मिळाला तर एक टेस्टर-वायरमन बोलवा आणि घरातल्या प्रत्येक सॉकेटचं मोठं भोक खरंच कुठे जोडलंय का, तेवढं बघून घ्या.